ऱ्हाइन-मोझेलची बोट: आधी दिशा, मग काठ, तिकीट सगळ्यात शेवटी

मी जर्मनीत, ऱ्हाइनकाठच्या माइंझला राहतो. मे ते ऑक्टोबर घरी पाहुण्यांचा राबता असतो आणि प्रत्येकाच्या यादीत ‘ऱ्हाइनची क्रूझ’ असतेच. गंमत म्हणजे बहुतेक जण पुण्या-मुंबईहून निघायच्या आधीच तिकीट काढून येतात आणि मग विचारतात, आता काय करायचं? तिकीट चुकीच्या टप्प्याचं असतं, चुकीच्या दिशेचं असतं, नाहीतर उतरायचं गाव नदीच्या भलत्याच काठावर असतं. पैसे फारसे बुडत नाहीत, पण दिवस बुडतो. म्हणून पाहुण्यांना जे दरवेळी फोनवर सांगतो, ते इथे क्रमाने लिहितो आहे. क्रम मोडू नका. अर्ध्याहून जास्त चुका या पायऱ्या उलट्या केल्यानेच होतात.

१. कोणती बोट हवी, ते आधी ठरवा

‘क्रूझ’ या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली म्हणजे नेहमीच्या फेऱ्यांची बोट. एसटीसारखी. वेळापत्रक असतं, गावोगावी धक्के असतात, हवं तिथे चढा, हवं तिथे उतरा. ऱ्हाइनवर अशा फेऱ्या चालवणारी मोठी कंपनी म्हणजे कोल्न-ड्युसेलडॉर्फर. १८२६ पासूनची ही कंपनी सगळे जण ‘का-डे’ म्हणूनच ओळखतात. तिच्याशिवाय बिंगेन, र्‍यूडेसहाइम, बोपार्ट या गावांतून छोट्या स्थानिक कंपन्यांच्या बोटीही सुटतात.

दुसरी म्हणजे केबिनवालं जहाज. सात-आठ रात्री जहाजावरच मुक्काम, जेवण तिथेच, रोज नवं गाव. अ‍ॅमस्टरडॅम ते बाझल हा नेहमीचा मार्ग. त्यातली काही जहाजं कोब्लेंझला वळून, तिथे ऱ्हाइनला मिळणाऱ्या मोझेल नदीत शिरतात.

जर्मनीत चार-पाच दिवस असाल, रेल्वेने फिरणार असाल, तर पहिलीच घ्या. सोबत वयस्कर मंडळी असतील, रोज बॅगा उचलणं नको असेल आणि हाताशी पूर्ण आठवडा असेल, तर दुसरी. पहिल्या पाहुणचाराला मी हे विचारलंच नव्हतं. पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर केबिन होती आणि मी त्यांना दोन तासांच्या बोटीत बसवलं.

खाली आधी नेहमीच्या बोटीचं सांगतो. केबिनवाल्या जहाजाचं नवव्या पायरीत आहे, पण पाणी आणि महिना यांचा भाग दोघांनाही लागू आहे. तो गाळू नका.

२. महिना निवडा, मग पाणी बघा

नेहमीच्या बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये फेऱ्या कमी असतात, काही वारी बोटच नसते. नाताळच्या सुट्टीत येऊन ‘लोरेलायच्या कड्याला बोटीने जाऊ’ म्हणणारे दरवर्षी भेटतात. त्यांना मी रेल्वेच्या खिडकीत बसवतो. ती खिडकीही काही वाईट नाही.

माझी पसंती मे आणि जूनला. आल्प्सचा बर्फ वितळत असतो, त्यामुळे नदीला पुरेसं पाणी असतं, दिवस मोठा असतो आणि द्राक्षमळे हिरवे झालेले असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मळे पिवळे पडतात, गावोगावी वाइनच्या जत्रा भरतात. डोळ्यांना तो काळ जास्त सुंदर. पण तेव्हा दोन अडचणी असतात. सकाळी खोऱ्यात धुकं बसतं आणि उन्हाळा कोरडा गेला असेल तर पाणी उतरलेलं असतं.

पाण्याचा हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण इथेच लोक घाबरतात तरी किंवा गाफील तरी राहतात. मधल्या ऱ्हाइनवर धरणं नाहीत, लॉकही (जहाजं वर-खाली नेणारे दारांचे हौद) नाहीत. नदी मोकळी वाहते. पाऊस नसला की उतरते, जास्त झाला की चढते. या पट्ट्यातली पातळी मोजायची जागा म्हणजे काउब गाव. ऑक्टोबर २०१८ मध्ये काउबचा आकडा २५ सेंमीपर्यंत घसरला होता. ऑगस्ट २०२२ मध्येही तो चाळिशीच्या खाली गेला होता. बातमीत असा आकडा आला की घरून फोन येतो, ‘नदी वीतभरच राहिली म्हणे!’ तसं नसतं. तो आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. बोटी जातात त्या पट्ट्यात त्याहून साधारण एक मीटर जास्त पाणी असतं. मालवाहू जहाजांना तेवढं पुरत नाही. प्रवासी बोटी हलक्या असतात, त्यामुळे त्या बऱ्याचदा चालू राहतात, फक्त काही उथळ धक्के वगळतात.

उलट बाजूला, काउबचा आकडा ६ मीटर ४० सेंमीला पोचला की वाहतूकच बंद होते. हे मुख्यतः हिवाळ्यात, नाहीतर वसंताच्या तोंडाशी.

*तपासा:* निघायच्या आठवडाभर आधी काउबचा आकडा जर्मन जलमार्ग खात्याच्या संकेतस्थळावर बघा. आदल्या संध्याकाळी बोट कंपनीच्या पानावर ‘आजचे बदल’ बघा. तुमच्या धक्क्याचं नाव वगळलेल्यांत नाही ना, एवढंच शोधायचं.

३. टप्पा छोटा ठेवा

सगळ्यात महागडी चूक म्हणजे कोल्नहून बोटीत बसणं. कोल्न ते कोब्लेंझ हा पट्टा बराचसा सपाट आहे. तिथे चार तास बसून लोक विचारतात, किल्ले कुठायत?

किल्ले आहेत बिंगेन-र्‍यूडेसहाइम ते कोब्लेंझ या सुमारे ६५ किलोमीटरमध्ये. युनेस्कोने २००२ मध्ये याच पट्ट्याला जागतिक वारसा म्हटलं. त्यातही सगळा दाटीवाटीचा भाग बिंगेन ते सांक्ट गोआर. जेमतेम तीस किलोमीटरमध्ये उंदराचा मनोरा, र्‍हाइनश्टाइन, झोनेक, बाखाराखच्या डोक्यावरचा श्टालेक, नदीच्या मधोमध बेटावरचा फाल्त्सग्राफेनश्टाइन, ओबरवेझलचा शोनबुर्ग, लोरेलायचा कडा आणि सांक्ट गोआरचा र्‍हाइनफेल्स.

दोन तासांच्या आत हे सगळं होतं. त्यानंतर बोट कितीही सुंदर असली तरी माणसाला कंटाळा येतो. सहाव्या किल्ल्यानंतर सगळे किल्ले सारखेच दिसतात, हे कुणी कबूल करत नाही एवढंच. उरलेला दिवस गावात घालवा. ओबरवेझलच्या तटबंदीवरून चालता येतं, बाखाराखच्या मागच्या मनोऱ्यावर चढलं की खाली नदी आणि लाकडी चौकटींची घरं एकत्र दिसतात, सांक्ट गोआरला र्‍हाइनफेल्सच्या भुयारांत शिरता येतं. त्यासाठी खिशात बॅटरी ठेवा.

४. दिशा: प्रवाहाबरोबर, प्रवाहाविरुद्ध नाही

ऱ्हाइन दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. म्हणजे र्‍यूडेसहाइमहून सांक्ट गोआरला जाताना तुम्ही प्रवाहाबरोबर असता आणि उलट येताना प्रवाहाविरुद्ध. फरक किती? बाखाराख ते सांक्ट गोआर खाली जायला सुमारे ४० मिनिटं लागतात, तेच वर यायला सुमारे ७०. कोब्लेंझहून माइंझपर्यंत वर येणं म्हणजे अख्खा दिवस गेला.

जर्मन वेळापत्रकात दोन तक्ते असतात. ‘टालफार्ट’ म्हणजे खाली, प्रवाहाबरोबर. ‘बेर्गफार्ट’ म्हणजे वर, प्रवाहाविरुद्ध. बेर्ग म्हणजे डोंगर. इतकं लक्षात ठेवलं तरी तक्ता चुकणार नाही. हे दोन तक्ते शेजारी शेजारी छापलेले असतात आणि घाईत डोळा भलत्याच रकान्यावर जातो.

म्हणून नियम साधा: सकाळी रेल्वेने वरच्या टोकाला जा, बोटीने खाली या, संध्याकाळी रेल्वेने परत. रिटर्न तिकीट काढून दोन्ही वेळा बोटीत बसू नका. तेच किल्ले, आता फक्त पाठीकडून आणि पावणेदोनपट वेळात.

सकाळच्या फेरीचा आणखी एक फायदा आहे. नदी इथे साधारण वायव्येकडे वळलेली आहे, त्यामुळे सकाळचं ऊन डाव्या काठावरच्या किल्ल्यांवर समोरून पडतं आणि फोटो चांगले येतात. लोरेलायचा कडा मात्र उजव्या काठावर, पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सकाळी तो काळपटच दिसतो. एका दिवसात दोन्ही साधत नाही, किल्ले निवडा.

५. काठ: इथे पूल नाही

जवळपास प्रत्येकाची फजिती याच पायरीवर होते.

माइंझ-वीसबाडेन सोडलं की थेट कोब्लेंझपर्यंत ऱ्हाइनवर एकही पूल नाही. काठ दोन, दोन्ही काठांवर वेगवेगळी रेल्वे. डावा आणि उजवा काठ म्हणजे प्रवाहाच्या दिशेने तोंड करून डावा आणि उजवा.

डाव्या काठावर: बिंगेन, बाखाराख, ओबरवेझल, सांक्ट गोआर, बोपार्ट, कोब्लेंझ. ही माइंझ-कोब्लेंझ-कोल्नची रेल्वे.

उजव्या काठावर: र्‍यूडेसहाइम, आसमान्सहाउझेन, लोर्ख, काउब, सांक्ट गोआर्सहाउझेन. ही फ्रँकफर्ट-वीसबाडेनहून येणारी रेल्वे.

माझे मामा-मामी आले होते तेव्हाची गोष्ट. त्यांचं हॉटेल सांक्ट गोआरला. बोट सांक्ट गोआर्सहाउझेनला लागली, नाव ओळखीचं वाटलं म्हणून दोघं बॅगा घेऊन उतरले. बोट निघून गेली. मग मामांचा फोन, ‘अरे, हॉटेल समोर दिसतंय. पाटीसुद्धा वाचता येतेय. पण पूल कुठाय?’ पूल नाहीच. गाडी-माणसं नेणारी फेरीबोट आहे, आपल्या दाभोळ-धोपाव्याच्या फेरीसारखी. तिने पाच मिनिटांत पलीकडे पोचले. पण धक्का शोधेपर्यंत मामी बॅगेवर बसून होत्या.

अशा फेरीबोटी बिंगेन-र्‍यूडेसहाइम, लोर्ख, काउब, सांक्ट गोआर आणि बोपार्ट इथे आहेत. त्या सारख्या ये-जा करतात, पण रात्री उशिरा बंद होतात.

*तपासा:* कागदावर तीन गावं लिहा: जिथून निघणार, जिथे उतरणार, जिथे झोपणार. प्रत्येकासमोर ‘डावा’ किंवा ‘उजवा’ लिहा. उतरायचं गाव आणि परतीची रेल्वे एकाच काठावर हवी. गाडी र्‍यूडेसहाइमला उभी केली असेल तर सांक्ट गोआरला नव्हे, सांक्ट गोआर्सहाउझेनलाच उतरा.

*इशारा:* बिंगेनला दोन स्टेशनं आहेत. नाव ‘हाउप्टबानहोफ’, म्हणजे मुख्य स्टेशन, म्हणून तिथे उतरू नका. धक्के ‘बिंगेन श्टाट’पासून जवळ आहेत. कोब्लेंझलाही ‘श्टाटमिट्ट’ स्टेशन धक्क्यांना जास्त जवळ पडतं. मात्र तिथे प्रत्येक गाडी थांबत नाही.

६. आता कागदपत्रं, मुक्काम आणि तिकीट, याच क्रमाने

*व्हिसा.* शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यासाठी भेटीची वेळ मिळणंच अवघड असतं, म्हणून तीन-चार महिने आधी हलवा. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो. प्रवास विम्यात वैद्यकीय खर्चासाठी निदान ३०,००० युरोचं संरक्षण हवं. अर्ज त्या देशाकडे, जिथे तुमच्या सर्वांत जास्त रात्री जाणार. पॅरिसला चार रात्री आणि ऱ्हाइनवर दोन, तर अर्ज फ्रान्सकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार तो देश.

*मुक्काम.* नदीकाठची खोली, खिडकीतून किल्ला. ऐकायला छान. पण दोन्ही काठांवर रेल्वे आहे, आणि रात्रभर मालगाड्या धावतात. लांबच लांब मालगाडी, दोन्ही कड्यांवर आदळून येणारा आवाज, एक गेली की पलीकडच्या काठावरून दुसरी. मी स्वतः एकदा अशा खोलीत पडून रात्री दीडला डबे मोजत होतो. खोली घेताना ‘रुळांच्या विरुद्ध बाजूची’ मागा, किंवा गल्लीत आत असलेलं घर घ्या. दृश्य दिवसा बोटीतून दिसणारच आहे.

तारीख ठरवताना एक बघा: ‘र्‍हाइन इन फ्लामेन’ ही आतषबाजी वर्षातून पाच वेळा वेगवेगळ्या गावांत असते. कोब्लेंझची ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी. ती बघायची असेल तर खोली फार आधी घ्या. बघायची नसेल तर तो शनिवार टाळा, कारण एरवीच्या भावात तेव्हा काहीच मिळत नाही.

*रेल्वे.* जर्मनीत महिनाभर असाल तर डॉइचलांड-तिकीट स्थानिक गाड्यांना चालतं. दोन-चार जण एका दिवसासाठी जाणार असाल तर र्‍हाइनलांड-फाल्त्स राज्याचं दिवसाचं गट-तिकीट स्वस्त पडतं. ते पाच जणांपर्यंत वापरता येतं, पण कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतरच. यांतलं कुठलंही नेहमीच्या बोटीला चालत नाही. युरेल पास दाखवून बोटीवर सवलत मिळते, फुकट प्रवास नाही.

*बोट.* आता काढा तिकीट. एका साध्या फेरीसाठी महिनाभर आधी काढायची गरज नसते, धक्क्यावरच्या खिडकीतही मिळतं. मी तर आदल्या रात्री हवामान बघूनच काढतो. मध्ये एखाद्या गावात उतरून पुढची बोट घ्यायची असेल तर ते तिकीट घेतानाच विचारा.

७. बोटीचा दिवस

समजा फ्रँकफर्टहून निघालात.

सकाळची र्‍यूडेसहाइमची थेट गाडी घ्या. सव्वा तासाच्या आसपास लागतो. वीसबाडेननंतर डाव्या हाताच्या खिडकीत बसा, नदी त्या बाजूला आहे. र्‍यूडेसहाइमला ड्रोसेलगासे नावाची अरुंद गल्ली आहे. सगळे तिथेच घुसतात. एक चक्कर मारा आणि बाहेर पडा. वेळ असेल तर मळ्यांवरून जाणाऱ्या रोपवेच्या पाळण्याने वर नीडरवाल्डला जाऊन या.

धक्क्यावर वीस मिनिटं आधी पोचा. एकाच काठावर वेगवेगळ्या कंपन्यांचे धक्के ओळीने असतात, लांबून सगळे सारखे दिसतात. पाटीवरचं कंपनीचं नाव तिकिटावरच्या नावाशी जुळवा. चुकीच्या धक्क्यावर उभं राहून आपली बोट समोरून जाताना बघणारे मी दर मोसमात बघतो.

चढल्याबरोबर वरच्या डेकवर जा. खाली काचेच्या आत टेबलं छान मांडलेली असतात. तिथे बसलात की जेवण मागवाल आणि मान खाली घालून बटाटे खाताना दोन किल्ले निघून जातील. किल्ले दोन्ही काठांवर आहेत, त्यामुळे ‘चांगली बाजू कोणती’ या प्रश्नाला उत्तर नाही. पुढच्या टोकाजवळ उभे राहा. आणि जून असला तरी जॅकेट जवळ ठेवा. बोट चालू लागली की पाण्यावरचा वारा बोचतो.

आता एक युक्ती, जी पाहुण्यांना सगळ्यात जास्त आवडते. काठावर पांढरे मोठे फलक दिसतील, त्यांवर काळे आकडे. कोन्स्टान्झच्या पुलापासून मोजलेले हे ऱ्हाइनचे किलोमीटर. नकाशा, मोबाइल काही नको. ५४३ म्हणजे बाखाराख. ५४६ म्हणजे काउब, नदीतला पांढरा किल्ला. ५५० दिसला की हातातलं काम सोडा, कारण लोरेलाय ५५४ ला आहे. बोट वळण घेते, नदी एकदम आवळते, पाणी गडद होतं. सुमारे १३० मीटरचा काळसर कडा उजवीकडून अंगावर येतो आणि भोंग्यावर लोरेलायचं जुनं गाणं सुरू होतं. जर्मन आज्या गुणगुणतात, आपली मंडळी सेल्फीच्या तयारीत असतात. काठावरच्या मनोऱ्यांवर पांढऱ्या दिव्यांच्या पट्ट्या दिसतात त्या बघा: वळणापलीकडून कुठलं जहाज येतंय, हे वर चढणाऱ्या जहाजांना सांगणारे ते इशारे. एवढ्या अरुंद जागेत शंभर मीटरचं मालवाहू जहाज समोरून येतं तेव्हा त्यांचं मोल कळतं.

*तपासा:* उतरायच्या आधीच्या धक्क्यालाच बॅग आवरून जिन्यापाशी या. बोट फार थोडा वेळ थांबते. आणि उतरल्या उतरल्या परतीच्या गाडीची वेळ बघा, जेवायला बसल्यावर नाही.

८. मोझेलचे नियम वेगळे

ऱ्हाइन जमली म्हणून मोझेलही तशीच करू, असं करू नका.

मोझेल संथ आहे, कारण तिच्यावर बांध आणि लॉक आहेत. १९६४ पासून ती मोठ्या जहाजांना खुली झाली. ट्रिअर ते कोब्लेंझ या जर्मन भागात दहा लॉक आहेत. त्यामुळे पाणी कमी पडण्याची भीती नाही, पण लॉकमध्ये थांबावं लागतं. मालवाहू जहाज आधी असेल तर आणखी थांबावं लागतं. दरवर्षी काही दिवस देखभालीसाठी सगळी लॉक बंद असतात. आणि एक लॉक मोडलं तर सगळी नदी अडते: डिसेंबर २०२४ मध्ये म्युडेनच्या लॉकच्या दारावर एक मालवाहू जहाज आदळलं आणि वरच्या बाजूची सत्तरेक जहाजं अडकून पडली.

दुसरं म्हणजे मोझेल सरळ कुठेच जात नाही. नागमोडी वळणांमुळे पाण्यावरून अंतर सरळ रेषेतल्या अंतराच्या जवळपास दुप्पट भरतं. अख्खी नदी बोटीने करायचा हट्ट धरू नका.

सगळ्यात सोपा आणि सुंदर तुकडा म्हणजे कोखेम ते बाइलश्टाइन. जायला साधारण तास, आणि वाटेत फांकेलचं लॉक. बोट एका अरुंद सिमेंटच्या हौदात शिरते, मागचं दार बंद होतं, ओल्या भिंती हात लावावा इतक्या जवळ येतात आणि मग तुम्ही हळूहळू वर उचलले जाता. भिंतीवरची शेवाळाची रेघ खाली सरकते, आधी झाडांचे शेंडे, मग मळे, मग रस्त्यावरची सायकल दिसते. मुलांना किल्ल्यांपेक्षा हेच आठवतं.

*इशारा:* बाइलश्टाइनला रेल्वे नाही. परतीची बोट चुकली तर बस, आणि ती तासातासाने असेलच असं नाही. उतरतानाच शेवटच्या बोटीची वेळ बघा, धक्क्यावरच्या फलकाचा फोटो काढून ठेवा.

कोब्लेंझ-ट्रिअर रेल्वे सगळीकडे नदीकाठाने जाते, हाही गैरसमज. कोखेमनंतर ती चार किलोमीटरहून लांब बोगद्यात शिरते आणि बुलायनंतर नदी सोडून देते. म्हणजे बर्नकास्टेल-कूस, जे सगळ्यांना बघायचं असतं, तिथे रेल्वे जातच नाही. विटलिखच्या स्टेशनवर उतरून बस घ्यावी लागते. ट्राबेन-ट्रारबाखला मात्र बुलायहून छोटी फाट्याची गाडी आहे.

एल्ट्झचा किल्ला बोटीतून दिसेल म्हणून वाट बघू नका. तो नदीवर नाही, आतल्या ओढ्यावर जंगलात आहे. मोझेलकेर्न स्टेशनहून तास-दीड तास चालावं लागतं आणि हिवाळ्यात तो बंद असतो.

९. केबिनवालं जहाज घेणार असाल तर

एजंटकडून माहितीपत्रक येतं, त्यावर पहिल्या पानावर किल्ला असतो. पैसे भरण्याआधी एवढं लेखी विचारा.

बिंगेन-कोब्लेंझ पट्टा दिवसा आहे की रात्री? कार्यक्रमात तारखेसह तास लिहिलेले असावेत. मोझेलवर बरीच जहाजं रात्री चालतात. सकाळी गाव दिसतं, मधली वळणं झोपेत जातात.

पाणी फार उतरलं किंवा चढलं तर काय? बहुतेक करारांत कंपनीला बस लावायचा, जहाज बदलायचा, गाव वगळायचा अधिकार असतो. क्रूझचे पैसे देऊन बसने फिरून आलेली मंडळी मला भेटली आहेत. भरपाई काय, कधी, हे कराराच्या बारीक अक्षरात शोधा, आणि विमा त्याला धरतो का ते बघा.

केबिन कोणत्या मजल्यावर? सगळ्यात खालच्या मजल्यावर खिडकी छताजवळ असते आणि पाणी तिच्या किंचितच खाली. बाल्कनीसाठी फार जास्त पैसे मात्र मोजू नका: गावात जागा कमी म्हणून जहाजं एकमेकांना खेटून बांधतात आणि सकाळी पडदा उघडला की समोर दुसऱ्या जहाजातले काका दात घासत असतात.

शाकाहारी जेवण हवं, हे बुकिंग करतानाच लिहून घ्या. अंडं, मासे चालतात का, तेही. तिथे ‘शाकाहारी’ म्हटलं की अंडं गृहीत धरतात.

१०. ताट आणि पेला

गावातल्या खानावळींना आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी असते, बऱ्याचदा सोमवार-मंगळवार. दारावर ‘रूऽहेटाग’ लिहिलेलं दिसलं की पुढे चला. छोट्या ठिकाणी कार्ड चालत नाही, रोख ठेवा.

शाकाहारी मंडळींनी फ्लामकूखन नावाला भुलू नये. दिसतो पातळ पिझ्झ्यासारखा, पण नेहमीच्या प्रकारावर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, म्हणजे ‘श्पेक’, असतात. परतलेल्या बटाट्यांतही तेच, शरदातल्या कांद्याच्या केकमध्येही तेच. ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’ असं दोन्ही म्हणा: मांस नको आणि श्पेकही नको. नुसतं पहिलं म्हटलं तर श्पेक येतोच, कारण कित्येकांच्या लेखी तो मांसात मोडत नाही. अंडं चालत असेल आणि निर्धास्त खायचं असेल तर बटाट्याची थालीपिठं सफरचंदाच्या लगद्याबरोबर, चीज घातलेले श्पेट्झले, किंवा र्‍हाइनगाउकडचं श्पुंडेकेस, म्हणजे मऊ मसालेदार चीज आणि कुरकुरीत ब्रेट्झल.

वाइन मागताना यादीतले शब्द दोन गटांचे असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. ‘ट्रोकन’ म्हणजे अजिबात गोड नाही, ‘हाल्बट्रोकन’ आणि ‘फाइनहेर्ब’ मधले, ‘लीब्लिश’ गोड. ‘काबिनेट’, ‘श्पेटलेझे’, ‘आउसलेझे’ हे मात्र तोडणीच्या वेळी द्राक्ष किती पिकलं होतं ते सांगतात, गोडी नव्हे. श्पेटलेझे ट्रोकनही असते. काहीच कळलं नाही तर बाटलीवरचा अल्कोहोलचा आकडा बघा. मोझेलच्या रीसलिंगवर (इथली पांढरी वाइन) ८ टक्के असेल तर ती गोडसर, १२ असेल तर कोरडी. उन्हात ‘वाइनशोर्ले’ घ्या, वाइनमध्ये सोडा. न पिणाऱ्यांनी ‘ट्राउबेनझाफ्ट’ मागावा. त्याच मळ्यातल्या द्राक्षांचा रस असतो आणि तो मागितल्यावर कुणी वेगळ्या नजरेने बघत नाही.

दारावर फांद्यांची जुडी किंवा झाडू टांगलेला दिसला तर आत शिरा. ती ‘श्ट्राउसविर्टशाफ्ट’, मळेवाल्याने स्वतःच्या घरी वर्षातले काही महिने उघडलेली जागा. त्यांना चाळीसच्या वर खुर्च्या मांडता येत नाहीत, वाइन स्वतःचीच विकावी लागते. जत्रेत पेल्यासाठी अनामत घेतात. पेला परत केला की पैसे परत, म्हणून तो टेबलावर सोडून उठू नका.

आणि बाटल्या घरी न्यायच्या असतील तर खरेदीच्या उत्साहात हिशेब विसरू नका. भारतात माणशी दोन लिटर दारू विनाशुल्क नेता येते. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, तिसरी घेतली की सव्वादोन. मळेवाला सहाचा खोका प्रेमाने पुढे करतो आणि सहाच्या खोक्याला दरही कमी लावतो. दोघं असाल तर चार घ्या, प्रत्येकी दोन आपापल्या बॅगेत, मोज्यांत गुंडाळून, आणि केबिन बॅगेत नाही, चेक-इनच्या बॅगेत.